मेंढरांची चक्कर

मी इथं वाचायला येतो, लिहायला नाही. आणि राग मानू नका, पण इथले निम्मे अनुभव मला फेकलेले वाटतात. पांढरी साडी, उलटे पाय, हायवेवर लिफ्ट मागणारी बाई... आमच्या गेवराईच्या हायवेवर वाळूचे टिप्पर ज्या वेगानं पळतात ना, त्यांच्यापुढं हात करून उभं राहायची हिंमत भुतालासुद्धा होणार नाही.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी जळून येतात, मी उघडतो. उघडली की कारण सापडतं. कुठं पाणी गेलेलं असतं, कुठं बेअरिंग जाम, कुठं मालकानं स्वतःच काहीतरी उपद्व्याप केलेला असतो आणि वर मलाच विचारतो की ही जळाली कशी. बिनकारणाची जळालेली मोटार मी आजवर पाहिलेली नाही. त्यामुळं असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आज आहे का, तेही नीट सांगता येत नाही. झालं ते लिहितो. नावं बदलली आहेत, कारण केस अजून चालू आहे.

शिरूर कासारहून पाथर्डीकडं जाताना एक उंच माळ लागतो. खडक, कुसळी गवत, अधूनमधून बाभळी, बाकी काही नाही. त्या माळावर आमच्याकडच्या एका मोठ्या कॉन्ट्रॅक्टरनं — त्यांना सगळे नुसतं 'भाऊ' म्हणतात — मुरूम टाकून, रोलर फिरवून विमानासाठी धावपट्टी केली होती. पट्टी पूर्व-पश्चिम. पश्चिमेला पत्र्याचं शेड, पूर्वेच्या टोकाला दगडी बांध आणि बांधापलीकडं पाझर तलाव. भाऊंनी कुठंतरी हौशी लोकांचा फ्लाइंग क्लब पाहिला आणि डोक्यात घेतलं की आपल्याकडंही पाहिजे. दातांचे एक डॉक्टर, एक बियाणांचे दुकानदार, असे चार हौशी जमले. जुनं दोन सीटचं मायक्रोलाइट आणलं. वर कापडी पंख, खाली तीन चाकं, पुढं सगळं उघडं, आणि इंजिन नि त्याचा पंखा बसणाऱ्याच्या पाठीमागं. आजूबाजूच्या गावांत त्याला 'उडती रिक्षा' म्हणायचे.

ती उडवायला शिकवायचा माझा थोरला भाऊ, सुभाषदादा. हवाई दलात टेक्निशियन होता. निवृत्त झाल्यावर मायक्रोलाइटचं लायसन्स काढलं, शिकवायची परवानगी मिळवली आणि गावाकडं आला. क्लबमध्ये त्याला 'मास्तर' म्हणायचे. दादाला एक विचित्र नाद होता. लोक संध्याकाळी मालिका बघतात, हा छोट्या विमानांच्या अपघातांची माहिती वाचत बसायचा. कुठल्या देशात कोण पडलं, का पडलं, आधी काय चुकलं. मी म्हणायचो, "असलं अभद्र कशाला वाचतोस?" तर म्हणायचा, "दत्ता, अपघात वर होत नसतो. तो शेडमध्येच होऊन गेलेला असतो. वर गेल्यावर लोकांना दिसतो, एवढंच."

आता मेंढरांचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यांच्यावरच आहे.

तो माळ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चराईची जागा. लिंबाजी बप्पा नावाचा धनगर तिथं मेंढरं आणायचा. धावपट्टी झाल्यावरही आणायचाच. मुरमावर दुपारचं ऊन चांगलं लागतं म्हणून की काय, मेंढरं नेमकी पट्टीवर येऊन बसायची. सुरुवातीला दादाची आणि त्याची रोज भांडणं. लिंबाजी बप्पा एक नंबरचा तोंडाळ माणूस. मला तो कधी आवडला नाही, आजही आवडत नाही.

"तुपलं इमान काल आलं," तो दादाला म्हणायचा, "मपली मेंढरं मपल्या आज्यापासून हायेत. इमानाला सांग सरकायला."

शेवटी दोघांनी मिळून तोड काढली. उतरायच्या आधी दादा एक चक्कर अगदी खालून मारायचा, पूर्वेकडून येऊन पट्टीच्या वरून सरळ पश्चिमेला. इंजिनाच्या आवाजानं मेंढरं उठायची आणि निम्मी इकडं, निम्मी तिकडं होऊन पट्टी रिकामी करून द्यायची. मग दादा वर चढून, डोंगरावरच्या देवळाला वळसा घालून, तलावावरून परत यायचा आणि दुसऱ्या फेरीला उतरायचा. या पहिल्या फेरीला आमच्याकडं नावच पडलं, 'मेंढरांची चक्कर'. दादा शिकाऊ लोकांनाही तीच सवय लावायचा. मेंढरं दिसोत न दिसोत, चक्कर मारल्याशिवाय उतरायचं नाही.

गंमत म्हणजे मेंढरंही शिकली होती. बाजूला झाली की चरायला लागायची नाहीत. माना वर करून, विमान जिकडं जाईल तिकडं तोंड फिरवत उभी राहायची. दादा हसायचा. म्हणायचा, "एवढं लक्ष माझे विद्यार्थी देत नाहीत."

त्या वर्षी खंडेनवमीला भाऊंनी विमानाची पूजा ठेवली. आपण ट्रॅक्टरची करतो, हत्यारांची करतो, मी माझ्या रिवाइंडिंगच्या मशीनची करतो, त्यात वावगं काही नाही. हळदकुंकू, नारळ, आणि सुतळीत ओवलेलं झेंडूचं हे एवढं जाड तोरण. ते विमानाच्या सांगाड्याला दोन्हीकडून बांधलेलं. पाहुणा म्हणून एक पुढारी. मंडप, हलगी, लाऊडस्पीकर, सगळं साग्रसंगीत.

पूजा झाल्यावर दादा तोरण सोडायला लागला. मी शेजारीच उभा होतो. भाऊ म्हणाले, "राहू द्या मास्तर, व्हिडिओत लई भारी दिसतंय. एकच राउंड मारा."

दादा म्हणाला, "भाऊ, पंखा मागं आहे. पुढचं काहीही सुटलं तर सरळ पंख्यात जातं. रुमालसुद्धा चालत नाही."

"अहो, देवाचं तोरण हाय. त्यानं काय व्हतंय? सायब थांबलेत."

दादानं माझ्याकडं पाहिलं. मग तोरणाच्या गाठी पुन्हा आवळल्या, ओढून पाहिल्या, आणि एकटाच बसला. तो का गेला, सरळ 'नाही' का म्हणाला नाही, हे मी त्याच्या फोटोला रोज विचारतो.

विमान वर गेलं, तेवढ्याचाच व्हिडिओ झाला, टाळ्या झाल्या. आणि लगेच पाहुण्याचा सत्कार सुरू झाला. शाल, फेटा, भाषण. समोरच एवढा मोठा पाहुणा असल्यावर वर बघणार कोण? मी मंडपाच्या कडेला पेढ्यांचं ताट धरून उभा होतो. हलगी आणि स्पीकर यात इंजिनाचा आवाज कुणालाच येत नव्हता. मग बांधाच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं.

दादा जागेवरच गेला. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही.

आम्ही पळत गेलो तेव्हा मेंढरं पट्टीवर सैरावैरा पळत होती. एवढंच सगळ्यांनी पाहिलं, आणि तेवढंच पुरलं. दादाला अजून उचललंही नव्हतं, तेव्हा भाऊ मोठ्यानं बोलत होते. "मास्तरांनी आज चक्करच मारली न्हाई! डायरेक्ट उतरायला गेले. मेंढरं आडवी आली, म्हणून घाईनं वर ओढलं अन् पडले." दिवस मावळेपर्यंत ही गोष्ट अख्ख्या तालुक्यात पक्की झाली. दुसऱ्या दिवशी पेपरातही तेच. म्हणजे माझा भाऊ बेफिकीर आणि लिंबाजी बप्पा गुन्हेगार. लिंबाजीवर केस झाली. माळावर चराईला बंदी आली.

मी तोरणाचं बोललो. सगळ्यांपुढं बोललो. क्लबातला एकजण मला म्हणाला, "फुलांनी इमान पडतं का बे?" पंख्याचं एक पातं मुळापासून तुटलं होतं, ते मी दाखवलं. म्हणाले, पडल्यावर सगळंच मोडतं. वरून चौकशीची माणसं आली तोवर झेंडू वाळून वाऱ्यानं उडून गेला होता. बांधापलीकडच्या तुरीत दोन बायका खुरपत होत्या, त्यांनी काहीतरी पाहिलं असणार. पण दसरा झाला की आमच्याकडं गावं रिकामी होतात. त्या टोळीबरोबर ऊसतोडीला निघून गेल्या. कारखाना बंद होऊन परत आल्या तेव्हा मी गेलो विचारायला, तर म्हणाल्या, "आमी खाली मान घालून खुरपत व्हतो, दादा. आमाला त्यात नगा घेऊ." त्यांना तरी कशी नावं ठेवू? भाऊंच्या गावातच त्यांना राहायचं आहे.

तर सगळं एका प्रश्नावर येऊन थांबलं. दादानं त्या दिवशी मेंढरांची चक्कर मारली होती की नाही? मारली नसेल, तर चूक त्याची आणि लिंबाजीची. मारली असेल, तर पट्टी रिकामी होती, विमान दुसऱ्याच कशानं पडलं, आणि मग तोरणाबद्दल कुणालातरी विचारावंच लागेल.

लिंबाजी बप्पाचं म्हणणं एकच. "चक्कर मारली व्हती. मेंढरं हटली व्हती. मंग त्यो माघारी येताना पडला अन् त्या आवाजानं मेंढरं बिथरून पट्टीवर आली. मला इचारू नका पुन्हा पुन्हा." पण तो आरोपी. आरोपी दुसरं काय म्हणणार?

आणि माझी आई. कोर्टाची तारीख असली की मी परत येईपर्यंत ती दारातच बसायची. मी चप्पल काढायच्या आत प्रश्न. "आज काय म्हनले? चक्कर मारली व्हती का न्हाई मपल्या लेकरानं?" मी म्हणायचो, पुढची तारीख दिली. मग उठून आत जायची. रडायची नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या दसऱ्याच्या आधी भाऊंचा निरोप आला. माळावर ये, बोलायचं आहे.

गेलो. ऊन उतरत आलं होतं, पण चांगला उजेड होता. वारा नव्हता. वाऱ्याची दिशा कळायला लावलेली ती कापडी नळी काठीला चिकटून लोंबत होती. शेडमध्ये नवीन विमान आलेलं होतं, पण ते कुलपात. क्लबची निळी टोपी घालून भाऊ पट्टीच्या मधोमध उभे होते. बंदी असूनही लिंबाजीची मेंढरं पट्टीवर पसरलेली होती आणि तो स्वतः लांब बाभळीखाली आडवा झालेला. भाऊंनी तिथूनच त्याला दोन शिव्या हाणल्या. तो हलला नाही.

मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दत्ता, मास्तरांची आठवण राहिली पायजे. मी काय म्हणतो, या धावपट्टीला त्यांचंच नाव देऊ. बोर्ड करायला टाकलाय. तू फक्त कोर्टात एवढंच सांग, की दादा कधी कधी चक्कर मारायचा न्हाई. कधी कधी, एवढंच. त्यात काय खोटंय? माणूसच हाय, इसरत असंल."

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. हातात पाना असता तर मी घातला असता डोक्यात. आधी माझा भाऊ घालवला, मग त्याचं नाव घालवलं, आणि आता तेच नाव पाटीवर लिहून मला परत देत होता. मी म्हणालो, "दादा विसरायचा नाही. तुम्हाला माहीत आहे, भाऊ. तुम्हालाच त्यानं शिकवलंय."

ते काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात मेंढरांनी रवंथ थांबवलं.

मी ते थांबलेलं आधी ऐकलं आणि नंतर पाहिलं. एवढ्या मेंढरांचं ते कचकच चालू होतं, ते एकदम बंद. सगळ्यांच्या माना वर. सगळ्यांची तोंडं पूर्वेला, बांधाकडं. आणि मग ती उठली. घाबरून नाही, पळत नाही... रोजचं काम असल्यासारखी. निम्मी इकडं, निम्मी तिकडं. पट्टी रिकामी झाली. मधोमध आम्ही दोघंच.

मी आकाशाकडं पाहिलं. काही नव्हतं. साधी घारसुद्धा नव्हती. मला काहीही ऐकू आलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

पण भाऊ वाकले. विमान डोक्यावरून जाताना माणूस जसा वाकतो तसे, कमरेतून. एका हातानं टोपी गच्च दाबून धरली. आणि तसेच वाकून पळत पट्टीच्या कडेच्या चारीत जाऊन बसले. हा भला थोरला माणूस, पांढरे कपडे घालून, मातीत. मी जागेवरच उभा.

मेंढरांची तोंडं पश्चिमेला फिरली. मग हळूहळू वर. मग डोंगरावरच्या देवळाकडं. सगळ्यांची एकदम. तिथून तलावाकडं. तिथून परत बांधाकडं. तोच वळसा, तोच वेग. मी कितीतरी वेळा याच जागी उभं राहून दादाला त्याच वाटेनं येताना पाहिलं होतं. आता फक्त माना फिरताना दिसत होत्या, आणि पट्टी तेवढा सगळा वेळ रिकामी होती. एकसुद्धा मेंढरू पट्टीवर नव्हतं.

नजरा बांधाच्या वर आल्या आणि त्या सगळ्या माना एकदम खाली गेल्या.

पुढच्या क्षणी कळप फुटला. बिथरून, एकमेकांच्या अंगावर पडत सगळी मेंढरं पट्टीवर आली आणि माझ्या पायांतून सैरावैरा धावली. त्या दिवशी पळत होती, अगदी तशीच. थोड्या वेळानं शांत झाली. चरायला लागली.

माझ्या तोंडून निघालं, "मारली होती. दादानं चक्कर मारली होती."

भाऊ चारीतून उठले. चेहरा पार उतरलेला. कपडे झटकत म्हणाले, "वारा लई सुटला एकदम." ती कापडी नळी तशीच लोंबत होती. ते गाडीत बसले आणि गेले.

मी लिंबाजी बप्पाकडं पळत गेलो. मेंढरांचा ओरडा ऐकून तो नुकताच उठून बसला होता, डोळे चोळत. मी म्हणालो, "बप्पा, पाहिलंस?"

"काय?"

मी सगळं सांगितलं. त्यानं बिडी पेटवली. आश्चर्य वगैरे काही वाटलेलं दिसलं नाही.

"तुला काय नवं सांगितलं त्यांनी? म्या वरीसभर हेच सांगायलोय की."

"पण बप्पा, हे कोर्टात..."

"कोर्टात?" तो हसला. लई कडू हसला. "मपलं म्हननं कुनी लिहून घेईना, अन् तू मेंढरं घेऊन चालला साक्षीला. जा घरी. माय वाट बघत असंल."

घरी गेलो. आई दारातच होती, तारीख नव्हती तरी. मी तिला म्हणालो, "मारली होती." मी सगळं सांगितलं, मेंढरांचं, माना फिरल्याचं, भाऊ वाकल्याचं. मला वाटलं होतं, म्हणेल की पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. तिनं पदरानं डोळे पुसले, वर्षात पहिल्यांदा.

"मेंढराचं जाऊ दी," म्हणाली. "त्याला इचार, तू वाकला कावून?"

त्यानंतर मी त्या माळावर पुष्कळदा गेलो. मी कारण शोधणारा माणूस आहे. आसपास कुठं बोअरची गाडी चालू होती का, याची चौकशी केली. मेंढरांना आपल्याला न येणारे आवाज येत असतील, जुनी सवय असेल, एकाचं बघून दुसऱ्यानं केलं असेल... सगळे तर्क करून पाहिले. पण सवय असेल तर पुन्हा का झालं नाही? तसं पुन्हा कधीच झालं नाही. आणि मेंढरांची सवय भाऊंना कशी लागली? मोटार उघडून बसलोय, आणि आत जळालेलं काहीच दिसत नाही, अशी माझी अवस्था आहे. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा. 'दादाचा आत्मा शांत करा' असलं लिहू नका, दादा भला शांत माणूस होता.

बोर्ड लागला. मोठ्या अक्षरात दादाचं नाव आणि त्याच्या खालीच दुसरी पाटी, मेंढ्या चारण्यास सक्त मनाई. दसऱ्याला नव्या विमानाची पूजा झाली. तोरण बांधलं होतं, असं ऐकतो.

मागच्या तारखेला भाऊंची साक्ष होती. शपथ घेतली आणि सांगितलं की मास्तरांनी चक्कर मारली नाही, मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं. लिंबाजी बप्पा आरोपीच्या जागेवर उभा राहून त्यांच्याकडं बघत होता. मीही माझं सांगितलं, तोरणाचं. मेंढरांचं सांगितलं नाही. कोण लिहून घेणार?

बाहेर व्हरांड्यात भाऊ त्यांच्या माणसांत उभे होते. मी सरळ समोर गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "भाऊ, चक्कर झाली न्हाई म्हणता. मग त्या दिवशी माळावर तुमी वाकलात कावून?"

"कवा?" ते म्हणाले. "कुठं वाकलो मी?"

डोक्यावर टोपी नव्हती. तरी त्यांचा हात तिथंच गेला होता.